लग्नाचं कर्ज याद्यांच्या बैठकीतच ठरतं

सातारा-सांगलीकडे लग्न ठरलं की पहिला कागद होतो तो याद्यांचा. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसतात, कुणीतरी वहीचा कोरा ताव घेतं, चारी कोपऱ्यांना हळदी-कुंकू लागतं, वर 'श्री' लिहिलं जातं आणि एकेक कलम पडत जातं. मांडव कुणाचा, जेवण कुणाचं, मुलीच्या अंगावर किती तोळे, बस्ता एकत्र की ज्याचा त्याचा, मानाच्या साड्या किती, फेटे किती, वाजंत्री कुणाची. शेवटी दोन्हीकडच्या सह्या होतात, सुपारी फुटते, साखर वाटली जाते. या कागदावर प्रत्येक कलमापुढे 'कोण' ते लिहिलेलं असतं. 'किती रुपये' आणि 'कोणत्या तारखेला' हे दोन रकाने त्यात कधीच नसतात. पुढे पाच-सहा महिन्यांनी घरात कर्जाचा विषय निघतो तेव्हा तो बहुतेक वेळा या दोन रकान्यांमुळेच निघालेला असतो.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं, की याद्या होण्याआधी मुलामुलीनं आपला दुसरा कागद करावा. हल्ली दोघंही कमावते असतात. कुपवाड एमआयडीसी असो, शिरवळ असो, नाहीतर पुण्यातली नोकरी असो, लग्नानंतर हप्ता त्यांच्याच पगारातून जाणार असतो. तेव्हा हप्त्याचं कारण ज्या बैठकीत ठरतं तिथे त्यांचा हिशोब हजर असायलाच पाहिजे. मोठ्यांसमोर मुलांनी पैशाचं बोलू नये ही रीत मला माहीत आहे. बैठकीत बोलता येत नसेल तर आदल्या रात्री आपल्या मामाला किंवा थोरल्या काकांना तो कागद दाखवावा. बैठकीत आकडे त्यांच्या तोंडून आले तर कुणाला वाईट वाटत नाही.

या कागदावर खर्चाचे तीन गट वेगवेगळे लिहावेत. माणसागणिक वाढणारा खर्च, माणसं कितीही आली तरी तेवढाच राहणारा खर्च, आणि लग्नानंतर घरात वस्तू म्हणून उरणारा खर्च. ताट, पाणी, पत्रिका, खुर्च्या, मानाचे टॉवेल-टोपी हा पहिला गट. कार्यालय, मांडव, फोटो, भटजी, वाजंत्री हा दुसरा. सोनं, कपाट, भांडी हा तिसरा. एकूण 'लग्नाला सात लाख' असा आकडा धरला की त्यातलं काय हलवता येतं ते दिसत नाही. गट पाडले की लगेच कळतं: सगळ्यात सैल गट पहिला आहे, आणि घरात सगळ्यात कमी चर्चा त्याच्यावर होते.

हिशोबासाठी ताट २२० रुपयांना धरू. ६०० माणसं म्हणजे १,३२,०००. तीच १,००० झाली तर २,२०,०००. मधले ८८,००० रुपये 'गावजेवण द्यायला पाहिजे' या एका वाक्यात वाढतात. पत्रिका छापून आल्यावर ते कमी करता येत नाहीत, कारण पत्रिका दिली की माणूस बोलावला. म्हणून पत्रिकांचा आकडा छापखान्यात जाण्याआधी ठरवायचा. नावांची यादी प्रत्यक्ष लिहायची आणि एका पत्रिकेमागे गावातले अडीच-तीन, बाहेरगावचे दोन असा ठोकताळा धरायचा. मोबाइलवर पत्रिका पाठवायची असेल तर ज्याच्या त्याच्या नावानं पाठवावी. गावच्या ग्रुपवर टाकलेल्या पत्रिकेला किती माणूस येईल याचा अंदाज कुठल्याच आचाऱ्याला देता येत नाही.

जेवणाच्या दोन पद्धती आपल्याकडे चालतात. एक केटररला ताटावर देणं, दुसरी शिधा आपला आणि आचाऱ्याला मजुरीची सुपारी. शिध्याची पद्धत स्वस्त पडते, पण कोठीवर घरचा खमका माणूस बसला तरच. शंभर माणसाला मसालेभाताचा तांदूळ साधारण ७ ते ८ किलो, पुरीची कणीक तेवढीच, वांगी १० किलोच्या आसपास, मठ्ठा १५ ते १८ लिटर लागतो. आचारी यादी देतो ती नेहमी हात राखून असते, कारण पदार्थ कमी पडला तर नाव त्याचं जातं. कोठीवर माणूस नसेल तर राहिलेलं तेल, डाळ, साखर सकाळपर्यंत कुठे गेली ते कळत नाही आणि वाचलेले पैसे तिथेच जातात. गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच घ्यावा. घरगुती टाक्या लावणं बेकायदा आहे, आणि मोठ्या भट्टीवर धोक्याचंही.

केटररला ताटावर दिलं तर भांडण होतं ते मोजणीवरून. तो म्हणतो साडेअकराशे, घरचे म्हणतात साडेनऊशे. धुऊन पुन्हा वाढलेली स्टीलची ताटं मागाहून कुणालाच मोजता येत नाहीत. म्हणून सुपारी देतानाच लिहून घ्यायचं: कमीत कमी किती ताटं बांधील, त्यावरची कशी मोजायची, लहान मुलांचं ताट अर्धं की पूर्ण, वाढपी आणि वाजंत्रीवाले मोजणीत आहेत की नाहीत. जिलेबीचे द्रोण किंवा सीलबंद पाण्याच्या बाटल्या मोजून आणायच्या आणि उरलेल्या मोजून परत द्यायच्या, ही मोजणी दोन्ही बाजूंना पटते.

कार्यालयाचा सांगितलेला दर आणि शेवटचं बिल यांच्यात अंतर पडतं ते वीज मीटरप्रमाणे, जनरेटर तासावर, साफसफाई, भांडी आणि जीएसटी यांमुळे. 'यात काय काय आलं' असं विचारू नये, 'यात काय आलेलं नाही' असं विचारावं आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावं. तारखेतही पैसा आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. अशा वर्षी अधिक महिन्याच्या आधीच्या पंधरवड्यातल्या तारखांना गर्दी होते आणि दर चढे राहतात. ज्यांची हरकत नसेल त्यांनी काढीव मुहूर्त (पंचांगातल्या ठरलेल्या तारखांबाहेर भटजींकडून काढून घेतलेला) घ्यावा, आठवड्यातला मधला वार घ्यावा. तिथे कार्यालय, बँड, फोटोवाला तिघंही घासाघीस ऐकून घेतात.

आता पैसा कुठून येतो ते पाहू. आपल्या भागात लग्नाचा पैसा म्हटलं की उसाचं बिल डोळ्यापुढे येतं, आणि इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. कायद्यानं कारखान्यानं ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपीचे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दराचे, पैसे द्यायचे असतात, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तशी तरतूद आहे. प्रत्यक्षात मागेपुढे होतं. पण उशिरापेक्षा मोठा प्रश्न कपातीचा. समजा दोन एकर ऊस, एकरी ४५ टन, दर ३,२०० धरला, तर बिल होतं २,८८,०००. घरात तोच आकडा धरून लग्नाची बोलणी होतात. त्यातून गावच्या विकास सोसायटीचं पीक कर्ज समजा १,१०,०००, उपसा योजनेची पाणीपट्टी १२,००० आणि दुकानातली खताची उधारी ३०,००० गेली की हातात राहतात १,३६,०००. म्हणजे निम्म्याहून कमी. दुसऱ्या कागदावर बिल लिहायचं ते कपात वजा करून, आणि तारीख लिहायची ती तोड येण्याच्या अंदाजापुढे महिना-दीड महिना सोडून. तासगाव, मिरज, पलूसच्या द्राक्षवाल्यांनी तर व्यापाऱ्याचा पुढच्या तारखेचा चेक वटून पैसे खात्यात पडेपर्यंत तो लग्नाच्या हिशोबात धरूच नये.

मग उणे पडलेल्या रकमेसाठी सोसायटीतून पीक कर्ज उचलून लग्नाला लावलं जातं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं तर आपल्याकडे शेतकऱ्याला शून्य टक्क्यानं पडतं, त्यामुळे हे सगळ्यात स्वस्त कर्ज वाटतं. पण ते स्वस्त आहे ते मुदतीत फेडणाऱ्यालाच. पैसा लग्नात गेला म्हणजे लागणीला, खताला, औषधाला पुन्हा उधारी होते. उधारीचा माल महाग पडतो, पीक कमी निघतं, मुदत आली की 'नवं-जुनं' करायला, म्हणजे जुनं भरून लगेच नवं कर्ज उचलायला, दोन दिवसांसाठी हातउसने किंवा सावकाराचे पैसे आणावे लागतात. तेही जमलं नाही तर व्याजाची सवलत जाते आणि खातं थकीत होतं. एका लग्नापायी चार हंगाम असे गेलेली घरं प्रत्येक गावात आहेत. पीक कर्जाला लग्नासाठी हात लावू नये, या मतावर मी ठाम आहे.

सावकाराच्या पैशाबद्दल बोलताना आधी भाषा नीट समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे 'तीन टक्क्यांनी घेतले' म्हणतात तेव्हा ते महिन्याला शेकडा तीन असतं, म्हणजे वर्षाला ३६ टक्के. तीन लाखांना महिना ९,००० नुसतं व्याज. तीन वर्षांत ३,२४,००० भरले तरी मुद्दल तीन लाख जसंच्या तसं. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवाना असलेल्या सावकारालाही दर ठरवून दिलेले आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के. चक्रवाढ लावता येत नाही, आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. महिना तीन टक्के मागणारा माणूस परवान्याचा असो वा नसो, कायद्याच्या बाहेरच आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करता येते.

त्यातही दोन गोष्टी जिवावर बेतल्या तरी करू नयेत. एक, कोरा सही केलेला चेक देणं. चेक न वटल्याच्या खटल्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो, आणि रक्कम समोरच्याने भरलेली असते. दुसरी, जमिनीचं खरेदीखत 'फिरवून देण्याच्या बोलीवर' करून देणं. जमीन परत देण्याची अट त्याच दस्तात लिहिलेली नसेल तर कायदा त्याला गहाण धरत नाही, ती सरळ विक्री होते. तोंडी बोली करणारा माणूस भला असेलही, पण सातबारा पुढे त्याच्या मुलांच्या नावावर जातो. सावकारी पाशामुळे १८७९ मध्ये इंग्रज सरकारला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी खास कायदा करावा लागला होता. त्यात आपला सातारा होता हे विसरू नये.

आता पगारदारांचं वैयक्तिक कर्ज. बँका 'वेडिंग लोन' म्हणून जाहिरात करतात ते वैयक्तिक कर्जच असतं, नुसतं नाव वेगळं. तीन लाख, १४ टक्के, ३६ महिने घेतले तर हप्ता १०,२५३ आणि एकूण व्याज सुमारे ६९,०००. हप्ता जड वाटतो म्हणून ६० महिने केले तर तो ६,९८० होतो, पण व्याज १,१९,००० च्या घरात जातं. दर विचारताना 'फ्लॅट की घटत्या शिलकीवर' हा प्रश्न पहिला. १२ टक्के फ्लॅट ऐकायला १४ पेक्षा कमी वाटतं. तीन लाखांवर तीन वर्षांत ते १,०८,००० व्याज घेतं आणि घटत्या शिलकीच्या हिशोबात २१ टक्क्यांच्या वर पडतं, कारण मुद्दल कमी होत गेलं तरी व्याज पहिल्या दिवसाच्या रकमेवरच चालू राहतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांना किरकोळ कर्जासाठी मुख्य बाबींचं एक पत्रक द्यावं लागतं. त्यात प्रक्रिया शुल्क, विमा धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो आकडा पाहायचा, जाहिरातीतला सोडून द्यायचा. कर्जाला चिकटवलेला विमा नको असेल तर सही करण्याआधी सांगावं, नंतर तो काढायला फार फेऱ्या पडतात.

पतसंस्थेत ओळखीवर काम लवकर होतं, संध्याकाळी सही, सकाळी पैसे. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीत नसतात, म्हणून ते पत्रक तिथे मिळेलच असं नाही. शेअर्सची कपात, फॉर्म फी, जामीनदारांचे शेअर्स वजा जाऊन हातात प्रत्यक्ष किती पडणार ते आधीच विचारावं. आणि जामीनदारांचा विचार करावा. हप्ते थकले की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुलीचा दाखला कर्जदाराबरोबर जामीनदारावरही निघतो, आणि जामीनदार बहुधा मुलाचा चुलता किंवा मित्र असतो. शिक्षक, एसटी, झेडपीतले असाल तर आपल्या सेवकांच्या सोसायटीत आधी चौकशी करा. पगारातून कपात असल्यामुळे तिथला दर अनेकदा बाहेरच्यापेक्षा कमी असतो.

मोबाइलच्या ॲपवरून सात-पंधरा दिवसांचं कर्ज घेऊन आचाऱ्याचे पैसे भागवणं यावर जास्त काही लिहीत नाही. घेऊ नये.

सोनं तारण हा अडीनडीचा बरा मार्ग आहे, पण त्याचे हिशोब लोकांना माहीत नसतात. रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या नियमांनी अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, अडीच ते पाच लाखांना ८० आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंत मर्यादा घातली आहे. किंमत धरतात ती नुसत्या सोन्याची. मंगळसूत्राचे काळे मणी, खडे, लाख, घडणावळ सगळं वजा. एकरकमी फेडीचं कर्ज बारा महिन्यांच्या आत फेडायचं असतं, आणि तिथे मर्यादा मोजताना शेवटी होणारं व्याजही धरतात, म्हणून हातात ८५ पेक्षा कमी पडतात. तारण ठेवताना प्रत्येक दागिन्याचं ढोबळ आणि निव्वळ वजन, कॅरेट लिहिलेली पावती घ्यावी. कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिने परत मिळायला हवेत, उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईची तरतूद आहे.

एक मात्र बजावून सांगतो. लग्नात सुनेच्या अंगावर घातलेलं सोनं सत्यनारायण झाल्यावर आठवड्याभरात मांडववाल्याचे पैसे द्यायला गहाण जातं, ही आपल्याकडची सर्रास गोष्ट आहे. ते स्त्रीधन आहे, तिच्या एकटीच्या मालकीचं. ठेवायचंच झालं तर तिला विचारून, तिच्या नावावर, पावती तिच्या ताब्यात. सासऱ्याच्या नावावर ठेवलेलं सोनं सोडवायला तीन-तीन वर्षं लागतात आणि तोवर नव्या नात्यात जी अढी बसते ती पैशानं निघत नाही.

कर्ज काढून सोनं घेणं हे मला अजिबात पटत नाही. तोळा आता लाखाच्या पुढे गेलाय. 'सोनं कुठे जात नाही' असं म्हणतात, पण मोजून बघा. एक लाखाचा दागिना, घडणावळ १२ टक्के, वर ३ टक्के जीएसटी. त्यात सोनं असतं साधारण ८६,७०० चं. उरलेले तेरा हजार दुकानाच्या पायरीवरच जातात, मोडताना परत येत नाहीत. वर कर्जाचं व्याज चालू. याद्यांत तोळे लिहिताना घरातलं जुनं सोनं मोडून घालायचं का, हे तिथेच बोलावं. नव्या दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-आकडी क्रमांक असतो, तो बिलावरच्याशी ताडून घ्यावा. सराफाची महिन्याची भिशी लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या पैशाला कुठलाही ठेव विमा नसतो. तीच गोष्ट पतसंस्थेतल्या पिग्मीची. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. लग्नाचा पैसा साठवायचा तो तारखेला हमखास मिळेल अशाच जागी.

साठवण्याचा हिशोब कर्जाइतकाच सरळ आहे. मुलगा आणि मुलगी दोघांनी महिना सहा-सहा हजार बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकले तर दोन वर्षांत २,८८,००० मुद्दल आणि साडेसहा टक्क्यांनी सुमारे २०,००० व्याज, म्हणजे तीन लाखांच्या वर होतात. तेच तीन लाख कर्जानं घेतले तर तीन वर्षांत ३,६९,००० भरायचे. साखरपुडा आणि लग्न यात सहा-आठ महिने वाढवून मिळाले तरी कर्ज पाऊण-एक लाखानं कमी होतं. मुलगी लहान असतानाच तिच्या नावानं सुकन्या समृद्धी खातं काढलं असेल तर ती अठराची झाल्यावर लग्नासाठी खातं बंद करता येतं. अर्ज लग्नाआधी एक महिना ते लग्नानंतर तीन महिने या मुदतीतच करावा लागतो, ही तारीख चुकवू नये. पीएफमधूनही लग्नासाठी रक्कम काढता येते आणि ती परत भरायची नसते. म्हणूनच ती हलक्या हातानं काढू नये, म्हातारपणच्या भाकरीतला तुकडा आहे तो.

सरकारी मदतही असते. नोंदणीकृत बांधकाम कामगाराला स्वतःच्या पहिल्या लग्नासाठी कामगार कल्याण मंडळाकडून ३०,००० रुपये मिळतात. अटींत बसणाऱ्या आंतरजातीय विवाहाला समाजकल्याण विभागाकडून ५०,००० आहेत. सामूहिक विवाहासाठीही योजना आहेत. या सगळ्यांना विवाह नोंदणीचा दाखला लागतो, म्हणून लग्न झाल्यावर ९० दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंदणी उरकून घ्यावी.

आहेरातून कर्ज फेडू, असा हिशोब फार घरांत असतो. लग्नातल्या आहेरावर आयकर नाही हे खरं. पण मांडवाच्या दारात जी आहेराची वही असते ती एकदा शांतपणे उघडून बघा. डावीकडे नाव-गाव, उजवीकडे १०१, २०१, ५०१. ज्याच्या घरी आपण २०१ दिले त्यानं २०१ च आणलेले असतात, आणि नवीन आलेली प्रत्येक ओळ पुढच्या दहा वर्षांत आपल्याला फेडायची असते. भर म्हणून आलेल्या साड्या-टोप्या त्याच आठवड्यात दुसऱ्या लग्नात जातात. दुसऱ्या कागदावर आहेराचा आकडा शून्य धरावा. आले तर केटररची शेवटची रक्कम त्यातून द्यावी. आणि ती बँकेतूनच द्यावी, कारण एका समारंभापोटी एका माणसाकडून दोन लाख किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्याला चालत नाही, दंड घेणाऱ्याला होतो. म्हणूनच रोख मागणारा बिल देत नाही, आणि बिल नसलं की मोजणीच्या वादात आपला हात रिकामा राहतो.

कर्ज केव्हा काढावं हेही स्पष्ट सांगतो, कारण 'कर्ज वाईटच' असं म्हणून कुणाचं लग्न थांबत नाही. पैसा नक्की येणार आहे, तारीखही ठरलेली आहे, फक्त लग्न त्याच्या आधी आलंय: मुदत ठेव, एलआयसीची मुदत, कपात वजा केलेलं बिल. अशा वेळी ठेवीवरच कर्ज काढावं, ते ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतं. ठेव मोडायची गरज पडत नाही. दुसरं, दोघांच्या हातात येणाऱ्या पगाराच्या १५ टक्क्यांच्या आत हप्ता बसतो आणि दोन वर्षांत फिटतं. दोघांचे मिळून ५०,००० येत असतील तर हप्ता ७,५००. १४ टक्क्यांनी २४ महिन्यांना एका लाखाचा हप्ता ४,८०१ पडतो, म्हणजे कर्ज दीड लाखापर्यंत. त्यापुढचं कर्ज लागत असेल तर माणसं कमी करावीत. हा माझा ठोकताळा आहे, बँक याच्या दुप्पट-तिप्पट द्यायला तयार असते.

बँक तयार असली तरी तिच्याच हिशोबात पुढे काय होतं ते बघा. लग्नानंतर दोन वर्षांनी हे दोघं घराच्या कर्जाला जातात. १०,२५३ चा लग्नाचा हप्ता चालू असेल तर तेवढी रक्कम त्यांच्या हप्ता भरण्याच्या ताकदीतून वजा होते. घरकर्ज साडेआठ टक्के, २० वर्षे धरलं तर लाखाला हप्ता ८६८ असतो. म्हणजे तीन लाखांच्या लग्नकर्जानं जवळजवळ बारा लाखांचं घरकर्ज अडवलं. साताऱ्यात किंवा सांगलीत बारा लाख म्हणजे एक खोली जास्त की कमी, एवढा फरक पडतो.

हुंड्यापायी कर्ज काढायची वेळ आली असेल तर हिशोब करत बसू नका. 'मुलाला गाडी', 'ऑफिससाठी दोन लाख' अशी मागणी याद्यांत आली की ती १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, मागणी करणं हासुद्धा गुन्हाच. देणाऱ्यालाही शिक्षा आहे. ते लग्न याद्यांतच थांबवावं. सुपारी फुटल्यावर थांबवणं कितीतरी अवघड जातं.

आणि कमी खर्चात लग्न करणं ही आपल्या मातीला परकी गोष्ट नाही. महात्मा फुल्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. त्यांच्या सत्यशोधक समाजानं १८७३ मध्येच साधी लग्नं लावायला सुरुवात केली. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं याच सातारा जिल्ह्यात, तेव्हा आजच्या सांगलीतले वाळवा-तासगावसारखे तालुके त्यातच होते, गावोगाव 'गांधी लग्नं' लावली. हार घालायचे, थोडक्यात उरकायचं, कर्ज काढायचं नाही. आजही 'यादी पे शादी' करणारी घरं आहेत: याद्यांना जमलेल्या शंभर-दीडशे माणसांतच अक्षता टाकून मोकळी होतात. रजिस्टर लग्न करायचं तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस राहिलेला असावा लागतो, तीन साक्षीदार लागतात. नोटीस तीन महिने चालते. ज्यांना गावजेवण टाळता येत नाही त्यांनी अक्षता थोडक्या माणसांत टाकून उसाचं बिल हातात आल्यावर भावकीला जेवण द्यावं, तसंही गावानं मान्य केलेलं आहे.

इतकं करूनही कर्ज काढायचं ठरलंच तर त्या दुसऱ्या कागदावर खाली चार ओळी लिहाव्यात. कर्ज कुणाच्या नावावर, हप्ता कुणाच्या खात्यातून, कोणत्या तारखेला, आणि एकाची नोकरी थांबली तर तीन महिने कोण भरणार. हप्त्याची तारीख पगारानंतर चार-पाच दिवसांची मागून घ्यावी, बँका देतात. त्या ओळींखाली मुलाची आणि मुलीची, दोघांचीच सही. त्या कागदाची एक प्रत मूळ याद्यांच्या घडीत ठेवावी, म्हणजे फेटे आणि मानाच्या साड्या ठरवणाऱ्यांच्या हाती तोही कागद पडतो.